घरातली शाळा आणि तयार अभ्यासक्रम: वालूरच्या मुस्लीम आईबापांपुढचा प्रश्न

होमस्कूलिंग हा शब्द आपल्या खेड्यांत मोबाइलमधून आला. बर्मिंगहॅम किंवा टोरांटोतली एखादी मुस्लीम आई जेवणाच्या टेबलावर मुलांना शिकवते, मागच्या फळीवर एकाच प्रकाशनाची रंगीत पुस्तकं ओळीनं लावलेली असतात, आणि वर्षभराचा अभ्यास एका खोक्यातून घरपोच आला असं ती सांगते. परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, वालूरसारख्या गावात बसून हे बघणाऱ्या आईला वाटतं की आपणही का करू नये? आणि करायचं तर कोणता संच मागवावा?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो विचारणारी घरं मात्र वेगवेगळी असतात. एखाद्या घरात मुलगा कुरआन पाठ करतोय, हिफ्जला बसलाय, आणि दोन-तीन वर्षं त्याची शाळा मागे पडणार हे दिसतंय. दुसऱ्या घरात आखातातली नोकरी संपवून बाप परत आलाय, मुलं तिकडे इंग्रजीत शिकलीत आणि गावच्या शाळेत त्यांचं मन लागत नाही. तिसऱ्या घरात मुलगी सातवी झाली, पुढची शाळा लांब आहे, आणि ‘घरीच शिकवू’ असं कुणीतरी म्हणून गेलंय. तिघांचा प्रश्न वरवर सारखा वाटला तरी उत्तर तिघांचं वेगळं आहे.

माझं मत आधीच सांगतो. कोणता संच घ्यायचा हे शेवटी ठरवावं. त्याआधी मूल कोणत्या भाषेत वाचणार-लिहिणार आणि दहावीच्या परीक्षेला कोणत्या वाटेनं बसणार, या दोन गोष्टी पक्क्या झाल्या पाहिजेत. त्या ठरल्या की लागणारी बहुतेक पुस्तकं आपल्याच राज्यात, थोड्या पैशांत किंवा फुकट मिळतात. त्या ठरल्या नाहीत तर महागातला महाग संचही दोन वर्षांत माळ्यावर जातो.

वर्षभराचा अभ्यास खोक्यात भरून विकण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या कॅल्व्हर्ट स्कूलनं 1906 साली ती सुरू केली. शाळेचे पहिले मुख्याध्यापक व्हर्जिल हिलियर यांनी रोजच्या धड्यांची आखणी, पुस्तकं आणि वह्या असं सगळं टपालानं पाठवायला घेतलं. शाळेपासून लांब राहणाऱ्यांना, मिशनऱ्यांना, परदेशी नोकरी करणाऱ्यांना ते सोयीचं होतं. त्याआधी इंग्लंडात शार्लट मेसन या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी 1891 मध्ये पालकांसाठी टपालशाळा काढली होती. दर सत्राला कार्यक्रम यायचा, सत्र संपलं की प्रश्नपत्रिका यायची. तिचे कार्यक्रम हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रज कुटुंबांपर्यंतही पोचत. म्हणजे या खोक्याचा जन्मच आपल्या मुलखापासून दूर पडलेल्या मुलाला आपल्या देशाच्या अभ्यासाशी बांधून ठेवण्यासाठी झाला. वालूरच्या आईनं ही गोष्ट लक्षात ठेवावी. तिचं मूल दूर पडलेलं नाही. ते आपल्याच गावात आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या ख्रिस्ती कुटुंबांनी होमस्कूलिंग मोठ्या प्रमाणावर उचललं, आणि अबेका, बॉब जोन्स, सोनलाइट अशा प्रकाशनांचे संच तयार झाले. आखणी उत्तम, छपाई देखणी, शिक्षकासाठी प्रत्येक दिवसाची सूचना. पण त्यांत बायबल फक्त धर्माच्या तासाला येत नाही. वाचनाच्या पुस्तकात, इतिहासात, विज्ञानात, सगळीकडे ते विणलेलं असतं. तिकडच्या मुस्लीम कुटुंबांपुढे म्हणून अडचण उभी राहिली. कुणी कॅल्व्हर्टसारखा धर्मनिरपेक्ष संच घेऊन दीनचं, म्हणजे धर्माचं, शिक्षण वेगळं जोडलं, कुणी ख्रिस्ती संचातले धडे गाळत पुढे गेले. गाळत जाण्याचा मार्ग मला कधीच पटला नाही. आईनं पानं चिकटवून टाकली तरी मुलाला ती उघडायची असतातच, आणि ज्या पुस्तकावर आईचाच विश्वास नाही त्यातून मूल मन लावून काय शिकणार?

अमेरिकेतल्या मुस्लिमांची ही गरज ओळखून ज्यांनी काम केलं त्यांत एक जोडपं हिंदुस्थानातून गेलेलं होतं. आबिदुल्ला गाझी आणि तस्नीमा गाझी यांनी 1983 मध्ये शिकागोत इक्रा फाउंडेशन उभं केलं आणि इयत्तावार पाठ्यपुस्तकं, सरावाच्या वह्या, शिक्षकांसाठी आखणी असा इस्लामी शिक्षणाच्या पहिल्या काही पद्धतशीर संचांपैकी एक संच घडवला. ब्रिटनमध्ये सफर पब्लिकेशन्सनं मकतबसाठी, म्हणजे मुलांच्या धर्मशिक्षणाच्या प्राथमिक वर्गांसाठी, श्रेणीवार पुस्तकं केली. आपल्याकडे दिल्लीच्या गुडवर्ड बुक्सनं मुलांसाठी इंग्रजीत सुबक पुस्तकं काढली. ही सगळी कामं मोलाची आहेत. तरी ती हातात घेताना आपण एक पाहिलं पाहिजे, की ती लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणतं मूल होतं. शिकागोच्या पुस्तकातलं मूल शाळेत हॅलोविन आला की काय करावं या पेचात असतं. त्याच्या घरी अजान ऐकू येत नाही, त्याला आपण कोण हे रोज नव्यानं सांगावं लागतं. वालूरच्या मुलाच्या कानावर पाचही वेळा अजान पडते, शेजारच्या घरातली आरतीही पडते, आणि गाव वाल्मीकींचं आहे ही आख्यायिका त्यालाही तोंडपाठ असते. त्याचे पेच निराळे आहेत.

दख्खनच्या मुस्लीम घरांना घरातल्या शिक्षणासाठी परक्या संचाची वाट कधी पाहावी लागली नाही. आपल्याला त्याचा विसर पडलाय, एवढंच. विजापूर-गुलबर्ग्याच्या सूफींच्या परंपरेत ‘चक्कीनामा’ नावाचा काव्यप्रकार होता. दखनी बोलीत, जात्यावर दळताना बायकांनी म्हणायचा. अल्लाहचं एकत्व, पैगंबरांवरची श्रद्धा, पीराचं स्थान, असा धर्माचा पहिला पाठ जात्याच्या फेऱ्यांत बसवलेला. सूत कातताना म्हणायचे ‘चरखानामे’ही होते. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आया ही गाणी लेकीसुनांपर्यंत पोचवत राहिल्या. शेजारच्या मराठी घरांत त्याच पहाटे जात्यावर ओवी चालू असायची. अभ्यासक्रम म्हणावा तर हाच पहिला: वेळ ठरलेली, चाल ठरलेली, पाठांतर आपोआप.

पुढे छापील पुस्तकांचं युग आलं तेव्हाही मुलींच्या घरशिक्षणासाठीच सर्वांत गाजलेली उर्दू पुस्तकं लिहिली गेली. डेप्युटी नझीर अहमद शाळा तपासनीस होते. आपल्या मुलींना वाचायला योग्य काही मिळेना म्हणून त्यांनी थोडं थोडं लिहून त्यांच्या हातात द्यायला सुरुवात केली, आणि त्यातून 1869 मध्ये ‘मिरातुल उरूस’ ही कादंबरी आली. तिच्यातली धाकटी बहीण असगरी स्वतः शिकलेली आहे, संसाराचा हिशेब ठेवते आणि घरातच मोहल्ल्यातल्या मुलींचं मकतब चालवते. सरकारनं पुस्तकाला हजार रुपयांचं बक्षीस दिलं. ‘बिनातुन नाश’ या पुढच्या पुस्तकात तर भूगोल आणि विज्ञानातल्या गोष्टीही गप्पांतून येतात. हेच नझीर अहमद पुढे काही वर्षं हैदराबाद संस्थानाच्या नोकरीत होते. परभणी जिल्हा त्याच संस्थानात होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी मौलाना अशरफ अली थानवींचं ‘बहिश्ती जेवर’ आलं. आज ते पुस्तक लग्नात नवरीला देण्यापुरतं उरलंय. मुळात तो दहा भागांचा घरी बसून शिकण्याचा संपूर्ण संच आहे. सुरुवात मुळाक्षरांपासून आणि पत्र कसं लिहावं यापासून. मग श्रद्धा, नमाज, रोजा, जकात, लग्न, व्यवहार. पुढे औषधोपचार. शेवटाकडे घरहिशेब, टपालाचे नियम, साबण आणि शाई करण्याच्या कृती. हे सगळं नीट शिकलेली बाई सामान्य आलिमच्या बरोबरीची होईल असा थानवींचा दावा होता. बाईच्या स्थानाबद्दलच्या त्यांच्या कितीतरी मतांशी माझं जमत नाही, आणि आजच्या मुलीच्या हातात ते पुस्तक जसंच्या तसं देऊ नये असं मला वाटतं. पण त्याची रचना पाहा. दीन आणि दुनिया एकाच दप्तरात, वाचता येण्यापासून हिशेब ठेवण्यापर्यंत, आणि सगळं घरच्या भाषेत. आजच्या संचांची जाहिरात ज्या गोष्टीची होते ती इथे शंभर वर्षांपूर्वीच झालेली आहे.

आता दीनच्या अभ्यासाचं पाहू. इथे संच विकत घेण्याची गरज सर्वांत कमी, कारण गावातलं मकतब चालू आहे. नूरानी किंवा बगदादी कायदा, म्हणजे अक्षरओळखीची पुस्तिका, मग अम्मा सिपारा, मग नाजरा, म्हणजे पाहून वाचणं, ही पायरी हाफिजसाहेबांच्या समोर बसूनच चढावी लागते. अक्षराचा उच्चार तोंडातून तोंडाकडे जातो, आणि व्हिडिओ मुलाची चूक ऐकत नाही. मसाइलसाठी, म्हणजे धर्माचरणाच्या नियमांसाठी, मुफ्ती किफायतुल्लाह यांचं ‘तालीमुल इस्लाम’ हे चार भागांचं प्रश्नोत्तरी पुस्तक देवबंदी वळणाच्या घरांत पिढ्यान् पिढ्या आहे. बरेलवी घरांत ‘कानून-ए-शरीअत’ आणि ‘बहार-ए-शरीअत’. मुंबईच्या ‘दीनियात’ या संस्थेनं मकतबसाठी वर्षवार आखलेला अभ्यासक्रम अनेक भाषांत काढलाय. रोजचा थोडा वेळ, त्यात कुरआन, हदीस, मसाइल, दुआ आणि भाषा यांची वाटणी, आणि पालकाची सही. आईला स्वतःला काय शिकवायचं याचा अंदाज नसेल तर अशी वर्षवार आखणी फार कामाची असते.

परदेशी संच घेताना एक बारीक गोष्ट नजरेतून सुटते. मराठवाड्यातली बहुतेक मुस्लीम घरं हनफी वळणाची, कोकणातली शाफई वळणाची. बाहेरचं पुस्तक नमाजची पद्धत एका वळणानं शिकवतं, मशिदीत मुलाला दुसरं दिसतं, घरी आजोबा तिसरंच सांगतात. मोठ्या माणसाला हा फरक समजतो. सात वर्षांच्या मुलाला वाटतं की कुणीतरी चुकतंय. म्हणून मसाइलचं पुस्तक आपल्या मशिदीत चालतं तेच घ्यावं, आणि सीरत, म्हणजे पैगंबरचरित्र, आणि गोष्टींची पुस्तकं मात्र कुठलीही चांगली घ्यावीत, इंग्रजी आणि मराठीसुद्धा. ज्या घरात सजीवांची चित्रं नको असतात त्यांनी हे आधी पाहून घ्यावं. यावर आईबापांत एकमत झालेलं नसेल तर मूल त्या वादात सापडतं.

दीनच्या शिक्षणाची उत्तम घडी कशी बसते हे पाहायचं तर केरळकडे पाहावं. तिथे समस्त या उलेमांच्या संघटनेनं 1951 मध्ये धर्मशिक्षण मंडळ स्थापन केलं. इयत्तावार पुस्तकं, ठरलेले उस्ताद, मधल्या काही इयत्तांना सार्वजनिक परीक्षा. मूल सकाळी मदरशात जातं आणि नंतर नेहमीच्या शाळेत. दीन शिकायचा म्हणून शाळा सोडायचा प्रश्नच उरत नाही. उत्तर प्रदेशात 1959-60च्या सुमारास काझी अदील अब्बासी यांच्या पुढाकारानं दीनी तालीमी कौन्सिल उभी राहिली. सरकारी पाठ्यपुस्तकांतल्या मजकुराबद्दल पालकांच्या मनात शंका होत्या, आणि त्यांनी लोकवर्गणीतून स्वतःची मकतबं व पुस्तकं काढली. या दोन्हींत मला केरळची वाट अधिक भरवशाची वाटते. वालूरचं मूल फजरच्या, म्हणजे पहाटेच्या, नमाजनंतर मकतबला आणि दहाच्या सुमारास शाळेला जात असेल तर ते याच वाटेवर आहे, आणि अशा घराला होमस्कूलिंगच्या संचाची गरजच नाही. हे स्पष्ट सांगितलं पाहिजे, कारण पुष्कळ आयांना दीन सुटेल या भीतीनं शाळा सोडवावीशी वाटते. सच्चर समितीनं 2006 मध्ये दाखवून दिलं होतं की शाळेच्या वयाच्या मुस्लीम मुलांपैकी पूर्णवेळ मदरशात जाणारी मुलं तीन-चार टक्क्यांच्या घरातच आहेत. बाकी सगळी शाळेत किंवा शाळेबाहेर आहेत. काळजी त्या शाळेबाहेरच्यांची आहे.

दुनियेच्या अभ्यासाकडे आलो की खरा प्रश्न भाषेचा. वालूरच्या मुस्लीम घरात दखनी बोलली जाते, गल्लीत आणि बाजारात मराठी, पुस्तकात उर्दू, स्वप्नात इंग्रजी. निजामाच्या काळात इथल्या हिंदू घरांतली जुनी माणसंही शाळेत उर्दूतच शिकली. सप्टेंबर 1948 नंतर चित्र पालटलं, कचेरी मराठीत आली, आणि उर्दू एका समाजापुरती उरली. तयार संच घेणारं घर बहुधा इंग्रजी निवडतं. आईबापांना इंग्रजी येत असेल आणि घरात ती बोलली जात असेल तर ठीक. नसेल तर मूल इंग्रजी वाचायला शिकतं, समजायला शिकत नाही. ते अवघड परिच्छेद घडाघडा वाचून दाखवतं, आणि त्यातलं काय कळलं विचारलं की गप्प होतं.

मला विचाराल तर पायाची भाषा उर्दू किंवा मराठी यांपैकी एक ठेवावी आणि दुसरी तितकीच पक्की करावी. महाराष्ट्रात 2020च्या कायद्यानं सर्व शाळांत मराठी सक्तीची केली आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी तलाठ्यापासून कृषी विद्यापीठापर्यंत या मुलाचं आयुष्य मराठीत जाणार आहे. उर्दूचं वाचन इस्माईल मेरठींच्या जुन्या वाचनमालेपासून सुरू करता येतं. त्यातले लहान लहान धडे आजही मुलांना आवडतात. मासिकांत मुंबईचं ‘गुल बूटे’ आणि मराठीत बालभारतीचं ‘किशोर’, जे 1971 पासून निघतंय, ही दोन घरात आली तर निम्मं काम झालं.

बालभारती हाच आपल्या हाताशी असलेला तयार संच आहे, आणि त्याला आपण संच मानत नाही याचं मला वाईट वाटतं. जानेवारी 1967 मध्ये स्थापन झालेलं हे मंडळ मराठी आणि उर्दूसह आठ भाषांत पुस्तकं छापतं. गणित, विज्ञान, भूगोल हे विषय दोन्ही भाषांत जवळपास त्याच मांडणीनं मिळतात. आईला उर्दू येते आणि मुलाला मराठीत परीक्षा द्यायची आहे, तर दोन्ही पुस्तकं शेजारी उघडून बसता येतं. इतकी सोय शेकडो डॉलरच्या कुठल्याही परदेशी खोक्यात नाही. सगळी पुस्तकं इंटरनेटवर फुकट उतरवता येतात. पानावरचा क्यूआर कोड मोबाइलनं वाचला की सरकारच्या दीक्षा या संकेतस्थळावरचे धडे उघडतात. फक्त 2025-26 पासून पहिलीपासून नवी पुस्तकं टप्प्याटप्प्यानं येत आहेत, म्हणून थोरल्याची पुस्तकं धाकट्यासाठी जपून ठेवण्याआधी वर्ष पाहावं.

बालभारतीत नाही ते म्हणजे रोजची आखणी. आज काय, उद्या काय, किती वेळ, उत्तर चुकलं तर काय करायचं. कॅल्व्हर्टनं शंभर वर्षांपूर्वी विकलं ते नेमकं हेच होतं, आणि घरी शिकवणारी आई पैसे मोजते तेही याच्यासाठीच. ही आखणी एखाद्या निवृत्त शिक्षकाकडून किंवा सेलूतल्या डी.एड. झालेल्या मुलीकडून वर्षाच्या सुरुवातीला करून घेता येते. मला वाटतं, संचावर घालायचे पैसे तिला द्यावेत.

घरच्या शाळेचा जो मोठा फायदा सांगतात, की मूल आसपासच्या जगातून शिकतं, तो वालूरमध्ये भरपूर मिळण्यासारखा आहे. गावची बारव पाहा. वळत वळत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची अशी बारव महाराष्ट्रात क्वचितच दिसते. गावकऱ्यांनी श्रमदानानं तिच्यातला गाळ काढून ती मोकळी केली. तिच्या काठावर बसून वर्तुळ, परीघ, खोली, पाण्याची पातळी, दगडाची जोडणी, यादवकाळ असे कितीतरी धडे होतील. लोअर दुधना धरण तालुक्यातलंच. काळी माती, कापूस, सोयाबीन, पावसाचं मोजमाप दारात. परभणीत तुराबुल हक साहेबांच्या दर्ग्याचा उरूस फेब्रुवारीत भरतो, तिथे सगळ्या जातीधर्मांची गर्दी असते. इतिहासाच्या तासाला श्रीगोंद्याचे शेख महंमद आणि त्यांचा ‘योगसंग्राम’ आला पाहिजे, आणि 1937 मध्ये झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं तयार केलेली वर्धा शिक्षण योजनाही. हातानं काम करत, मातृभाषेत शिकावं, हा त्या योजनेचा गाभा. पुढे राष्ट्रपती झालेल्या एका मुस्लीम शिक्षकानं महाराष्ट्राच्या मातीत मांडलेला हा विचार मराठवाड्यातल्या मुस्लीम मुलाला ठाऊक नसावा, हे मला सहन होत नाही. बाहेरचा कुठलाच संच हे देणार नाही. तिकडच्या तिसरीच्या सामाजिक शास्त्रात अमेरिकेची राज्यं असतात.

कायद्याची बाजू थोडक्यात, पण नीट समजून घ्यावी. शिक्षण हक्क कायदा 2009चा. त्याच्या दहाव्या कलमानं मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य ठरवलंय. पालकाला शिक्षा मात्र सांगितलेली नाही. घरशिक्षणाला मान्यता देणारं किंवा बंदी घालणारं वेगळं कलम नाही. 2012च्या दुरुस्तीनं मदरसे आणि वेदपाठशाळा या कायद्याबाहेर ठेवल्या. तरी 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारनं औपचारिक विषय न शिकवणाऱ्या मदरशांतल्या मुलांना शाळाबाह्य धरायचं ठरवलं आणि मोठा वाद झाला. घरी शिकणारं मूलही सर्वेक्षणात शाळाबाह्यच धरलं जाऊ शकतं. शाळाबाह्य मुलं शोधणारे बालरक्षक किंवा शिक्षक घरी आले तर वह्या, वेळापत्रक, पूर्ण झालेले धडे दाखवता आले पाहिजेत. घाबरून दार लावून घेण्यात काही हशील नाही.

परीक्षेच्या वाटा तीन. पहिली, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, जी 1989 मध्ये सुरू झाली. तिची मूलभूत शिक्षणाची अ, ब, क ही पातळी तिसरी, पाचवी, आठवीला समांतर, आणि वयाची चौदा वर्षं पूर्ण झाली की दहावीला थेट बसता येतं. पाच विषय लागतात. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यात नऊ वेळा परीक्षा देता येते, सुटलेले विषय पुढे नेता येतात. माध्यमांत उर्दू आणि मराठी दोन्ही आहेत. हिफ्जमुळे मागे राहिलेल्या मुलासाठी ही वाट सर्वांत सोयीची. दुसरी, राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ, ज्यात दहा वर्षं पूर्ण झालेल्याला पाचवीची आणि तेरा पूर्ण झालेल्याला आठवीची परीक्षा देता येते. तिसरी, राज्य मंडळाची सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या दहावी. हा फॉर्म शाळा सोडल्याच्या दाखल्याभोवती फिरतो. म्हणून मुलाचं नाव शाळेतून काढलं तर तो दाखला (टीसी) जपून ठेवावा, आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव अक्षरशः एकच आहे का ते त्याच दिवशी पाहावं. शेख, शेक, शाईख असे तीन प्रकार तीन कागदांवर असले की पुढे सेलू-परभणीच्या चकरा संपत नाहीत.

कागदाचं महत्त्व किती, हे मुंबईच्या मालविका जोशीच्या गोष्टीवरून दिसतं. शाळा सोडून घरी शिकलेल्या या मुलीनं संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये पदकं मिळवली आणि 2016 मध्ये तिला अमेरिकेत एमआयटीत प्रवेश मिळाला. आपल्या आयआयटीत मात्र बारावीचा दाखला नसल्यामुळे तिला जागा नव्हती. तिची बुद्धी आणि घरची तयारी असामान्य होती, म्हणून तिला दुसरं दार उघडलं. वालूरच्या मुलाला एमआयटीचं दार सांगून उपयोग नाही. त्याच्या हातात दहावीचा कागद असलाच पाहिजे.

आता त्या तिसऱ्या घराकडे येतो, जिथे मुलगी सातवी-आठवी झाली आहे. माझ्या लेखी या सगळ्या चर्चेत सर्वांत नाजूक आणि सर्वांत महत्त्वाचं घर हेच. तिच्या बाबतीत होमस्कूलिंग हा शब्द फार सावधपणे वापरावा. आईबापांनी घरशिक्षण निवडलेलं असतं तेव्हा घरात वेळापत्रक असतं, कुणीतरी शिकवणारं असतं, परीक्षेची तारीख ठरलेली असते. मुलीला नुसतं घरी बसवलेलं असतं तेव्हा यातलं काहीच नसतं. असतात ती धाकटी भावंडं, चूल, शिवणयंत्र आणि लग्नाची बोलणी. मग मागवलेला संच हे मनाचं समाधान ठरतं. एसटी वेळेवर नसणं, उर्दू माध्यमाची पुढची शाळा लांब असणं, वाटेवरची छेडछाड, या अडचणी खऱ्या आहेत आणि त्या गावानं, पंचायतीनं, मोहल्ल्यानं मिळून सोडवण्याच्या आहेत. सोडवता येत नसतील तेवढ्या काळापुरतं घरशिक्षण हे औषध आहे, आणि औषधाला मात्रा असते. अलीगढच्या जामिया उर्दूनं 1939 पासून अदीब, अदीब माहिर या परीक्षा घेतल्या आणि घराबाहेर न पडू शकणाऱ्या हजारो मुस्लीम बायका त्यांतून शिकल्या. आज त्या परीक्षेपेक्षा मुक्त विद्यालयाची दहावी अधिक ठिकाणी चालते. म्हणून मुलीला घरी ठेवायचं ठरलं त्याच आठवड्यात तिची नोंदणी व्हावी, आणि परीक्षेच्या दिवशी तिला केंद्रावर कोण नेणार हे नावानिशी ठरावं. हे ठरवायला घर तयार नसेल तर कुठलाही अभ्यासक्रम घेऊ नये. मुलीला शाळेत पाठवावं.

घर तयार असेल तर पहिल्या वर्षाला पुरेल एवढं सामान असं असावं: बालभारतीची तिच्या इयत्तेची पुस्तकं दोन भाषांत, मकतबचं चालू पुस्तक, एक उर्दू आणि एक मराठी मासिक, इंग्रजीसाठी एक सोपी वाचनमाला, आणि रोजचा अभ्यास लिहायची जाड वही. रोज सकाळी दोन-अडीच तास पुरतात, कारण एक किंवा दोन मुलांना शिकवायला वर्गाएवढा वेळ लागत नाही. आठवड्यातून एकदा घराबाहेरच्या कुणीतरी, शिक्षकानं, मामानं, आपानं, वही तपासावी. दर तीन महिन्यांनी शाळेतल्या त्याच इयत्तेच्या मुलाची प्रश्नपत्रिका मागून घ्यावी आणि घड्याळ लावून सोडवून घ्यावी.

शिकागोत एका जोडप्यानं जे केलं ते मराठवाड्यासाठी अजून व्हायचं आहे. दखनी बोलणाऱ्या, उर्दू वाचणाऱ्या, मराठीत जगणाऱ्या मुलासाठी बालभारतीच्या पुस्तकांवर बसणारी दिवसवार आखणी कुणीतरी लिहायला हवी. पुस्तकं आहेत, परीक्षा आहेत, मकतबं आहेत. परभणी जिल्ह्यात निवृत्त झालेल्या उर्दू आणि मराठी शिक्षकांनी एकत्र बसून पाचवी ते आठवीची एवढीच आखणी केली, आणि मुक्त विद्यालयाचं परीक्षा केंद्र सेलूतच असावं म्हणून अर्ज केला, तर वालूरच्या आईला मोबाइलमधल्या टोरांटोकडे पाहावं लागणार नाही.